जमीन हलली नव्हती

यांची बदली तलासरीला झाली ते साल दोन हजार चौदा. हे वीज खात्यात वायरमन, मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. यांचं गाव डहाणू रोडजवळचं सरावली. तिथं सासूबाई आणि धाकटे दीर राहत. आम्ही दोघांनी तलासरीत भाड्याचं घर घेतलं. माझी शाळा तिथून आत, एका पाड्यावर होती. त्या भागातल्या लायनी यांच्याकडे होत्या, त्यामुळे कधी शिकवता शिकवता खिडकीतून हेच समोरच्या खांबावर दिसायचे. पोरं धडा सोडून ओरडायची, "बाई, तुमचा वायरमन!"

हे बिडी ओढत. आमच्या लग्नाच्या आधीपासून. खांबावर चढायच्या आधी खाली उकिडवे बसत, मान वर करून तारांकडे बघत आणि एक बिडी शेवटपर्यंत ओढत. मगच पट्टा कमरेला बांधत. खाली उतरलं की दुसरी. मी काही बोलले तर म्हणत, "अगं, त्यानं हात स्थिर राहतो. तारेशी काम आहे. हात थरथरला तर संपलंच." बिडी मिळाली नाही की यांची चिडचिड होते आणि ओढली की चेहरा निवळतो, हे मी रोज बघत होते. बिडी यांना शांत करते असं मलाही वाटायचं.

एका वर्षी चैत्रातल्या जत्रेला आम्ही महालक्ष्मीच्या गडावर चढलो. वर पोहोचल्यावर सगळेच धापा टाकत होते. थोड्या वेळानं बाकीचे गप्पांना लागले, नारळ फोडायला उठले. हे मात्र दगडावर बसून राहिले. मी पाणी द्यायला वाकले तर यांच्या गळ्याची शीर उडताना दिसली. आमच्यापेक्षा वयस्क माणसं कधीच सावरली होती आणि यांचं काळीज आत अजून पळतच होतं.

"बरं वाटत नाही का?"

"चढलो ना आत्ता. होईल कमी," असं म्हणत यांनी बिडी पेटवली.

पुढं दोन-तीनदा झोपेतून दचकून उठले, छातीवर हात ठेवून बसले. विचारलं की पित्त म्हणायचे. मीही पित्ताच्या गोळ्या आणून ठेवल्या.

दोन हजार अठराच्या दिवाळीनंतर आमच्याकडे जमीन हलायला लागली. ज्यांनी ते अनुभवलं नाही त्यांना सांगणं अवघड आहे. आधी आवाज यायचा, लांब खाणीत सुरुंग उडवावा तसा. मग पायाखालून काहीतरी सरकत जायचं. फडताळातली भांडी वाजायची, पत्रे थरथरायचे, कुत्री भुंकायची, आणि घरातलं माणूस न् माणूस अंगणात आलेलं असायचं. कधी दिवसातून एकदा, कधी पुन्हा पुन्हा. मोठा येणार की एवढ्यावरच थांबणार, कुणालाच ठाऊक नव्हतं. लोकांनी झोपणं बाहेर हलवलं. पाड्यापाड्यांवर तंबू लागले. आमच्या शाळेच्या भिंतीला चीर गेली तशी आम्ही शाळा आवारात मांडवाखाली आणली. फळा आंब्याच्या खोडाला टेकवला. पोरं हातातली पाटी टाकून मोकळ्या जागेत पळायला शिकली.

त्या हिवाळ्यात भेटेल तो माणूस एकच विचारायचा, "हललं का?" कारण हललं नसतानाही हलल्यासारखं वाटायचं. खुर्चीवर बसलेलं असताना कुणी बाजूनं धावत गेलं तरी काळीज धडधडायला लागायचं. सगळ्यांचंच. त्यामुळे यांची छाती धडधडते यात मला काही वेगळं वाटलं नाही, आणि यांनाही नाही.

यांच्या बिड्या मात्र वाढल्या. धक्का बसला की हे अंगणात येत, मी सुखरूप आहे ना बघत आणि पुढच्या क्षणी हात खिशात जाई. सगळेच पुरुष तसं करत. धक्का ओसरला की अंधारात इथं तिथं बिड्यांची टोकं लाल व्हायची.

एक दिवस माझ्या शाळेची लाईट गेली. सकाळचे तास चालू होते. हे आणि यांचे जोडीदार, यांच्याच वयाचे दुसरे वायरमन, मोटरसायकलवर आले. दोघांनी लाईन बंद करून घेतली. हे नेहमीसारखे खाली बसले, बिडी ओढली आणि चढले. मी मांडवात तिसरीच्या मुलांना वजाबाकी शिकवत होते. मधूनच वर बघत होते. हे टोकाला पोहोचले, पट्टा खांबाभोवती टाकला, पक्कड काढली.

आणि ओरडले, "हललं! पळा, हललं!"

पक्कड खाली पडली. यांनी दोन्ही हातांनी खांबाला मिठी मारली, गाल खांबाला चिकटवला. माझ्या तोंडून आपोआप "मैदानात!" निघालं. पोरं उठली, पण नेहमीसारखी पळाली नाहीत. जागच्या जागी उभी राहून पायांकडे बघत राहिली. दोन महिन्यांत त्यांना जमिनीची फार चांगली ओळख झाली होती.

"बाई, नाय हलली," एक मुलगी म्हणाली.

मी फळ्याकडे पाहिलं. खोडाला नुसता टेकवलेला फळा होता तसाच होता. समोरच्या तारा सरळ होत्या. एक पान हलत नव्हतं. वर माझा नवरा डोळे मिटून खांबाला लटकला होता आणि त्याच्या पायाची पकड सुटत चालली होती.

जोडीदारानं खालून हाक मारली, "पट्टा सोडू नको! ऐकतोस का? पट्ट्याला हात लावू नको!" उत्तर आलं नाही. ते दुसरा पट्टा घेऊन वर गेले. मी खांबाच्या बुंध्याशी उभी राहिले. वरून काही पडलं तर माझ्या अंगावर पडेल, तिथून बाजूला हो, असं मला कुणीतरी सांगत होतं. मला हलता येईना. यांची शुद्ध पूर्ण गेली नव्हती, पण मान एका बाजूला कलली होती. जोडीदारानं यांना स्वतःच्या अंगाला टेकवून, एकेक पाय धरून ठेवत खाली आणलं. खाली निजवलं तेव्हा यांचा चेहरा राखेसारखा होता आणि सदरा घामानं चिंब. मी मनगट धरलं. बोटाखाली काय चाललंय तेच कळेना. ठोके वेगळे लागत नव्हते, नुसतं फडफडत होतं. मग एकदम एक मोठा ठोका आला आणि नाडी ताळ्यावर आली.

यांनी डोळे उघडले. "केवढा मोठा होता," म्हणाले. "कुणाला लागलं नाही ना?"

मग मी सांगितलं, "अहो, जमीन हलली नव्हती."

यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी खोटं बोलते आहे.

दुपारी आम्ही डहाणूत डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर वयस्क, घरी गुजराती बोलणारे, आमच्याशी मराठीत. त्यांनी ईसीजीची पट्टी काढली ती जवळपास ठीक आली. हे लगेच म्हणाले, "बघा, काही नाही. जागरणं होतायत धक्क्यांमुळं." डॉक्टरांनी पट्टी बाजूला ठेवली आणि विचारलं, "चढण्याआधी काय केलं?"

"काही नाही. बिडी ओढली."

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. "बेन, तुमचा हात द्या," ते मला म्हणाले. माझीच तीन बोटं माझ्या मनगटावर ठेवायला लावली. "आता सावकाश श्वास घ्या. आणि सावकाश सोडा. काय लागतं बोटाला?"

मी आयुष्यात कधी असं लक्ष देऊन नाडी बघितली नव्हती. श्वास आत घेताना ठोके थोडे जवळ जवळ आले. सोडताना लांब लांब पडायला लागले. पुन्हा घेतला, पुन्हा तसंच. मी ते सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली. "आता यांचा हात धरा."

हे श्वास घेत होते, सोडत होते. मी वाट बघत होते. ठोके भरभर आणि एकसारखे, शिलाई मशीन चालावं तसे. श्वास आत गेला काय, बाहेर आला काय, त्यांना काही फरक नव्हता. मी मान वर केली तेव्हा हे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"हृदय स्वतःच चालतं," डॉक्टर सांगू लागले, "पण त्याचा वेग मेंदूकडून येणाऱ्या नसांच्या हातात असतो. एक बाजू वेग वाढवते. भीती वाटली, चढ चढला, की ती कामाला लागते. दुसरी बाजू वेग उतरवते. धोका टळला की ती हृदयाला खाली आणते. श्वास सोडताना बेनच्या बोटाला जे संथ लागलं, ते त्या दुसऱ्या नसेचं काम. धूर आत गेला की निकोटीन पहिल्या बाजूला चेतवतं. शरीर समजतं, संकट आलं. वर्षानुवर्षं असं केलं की उतरवणाऱ्या नसेचा जोर कमी होत जातो. मग खरं संकट नसलं तरी हृदय पळत राहतं, आणि एखाद्या वेळी ताल सोडतं."

"पण डॉक्टर, बिडीनं मला शांत वाटतं," हे म्हणाले.

"कारण बिडीवाचून जी तगमग होते ती बिडीनं थांबते. डोकं शांत होतं. हृदयाला विचारा, ते त्याच वेळी धावत असतं."

हृदयाची सोनोग्राफी झाली. झडपा आणि स्नायू ठीक निघाले. मग वापीहून एक यंत्र मागवलं. छातीला चिकटवलेल्या तारा आणि कमरेला डबी, एक दिवस एक रात्र अंगावर ठेवायची. "जन्मभर मी लायनी टाकल्या, आता माझ्यावरच लाईन टाकली," हे म्हणाले. मी हसले नाही. बिडी पेटवली की आणि छातीत काही वाटलं की डबीवरचं बटण दाबायचं होतं. हे प्रामाणिकपणे दाबत होते. त्या दिवशीही जमीन हलली, यांनी बिडी काढली आणि बटण दाबलं.

कागद आले तेव्हा डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं. जिथं जिथं बटणाची खूण, तिथून वेग वर चढलेला आणि बराच वेळ वरच राहिलेला. झोपेत हृदय जितकं खाली यायला हवं तितकं आलेलंच नव्हतं. आणि एका बिडीनंतर वेड्यावाकड्या ठोक्यांची छोटी लड. "खांबावर काय झालं ते मी पाहिलेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "पण अशी लड लांबली तर मेंदूला रक्त कमी पडतं. माणसाला जग हलल्यासारखं वाटतं." त्यांनी रोजची एक गोळी दिली. "बिडी बंद. आणि मी सांगेपर्यंत खांब बंद."

बिडी बंद म्हटल्यावर यांनी मान डोलावली. खांब बंद म्हटल्यावर मात्र उठून उभे राहिले.

पुढचे दिवस वाईट गेले. यांनी लवंगा चघळल्या, बडीशेप चघळली. भातात मीठ कमी पडलं म्हणून ताट सरकवलं. एकदा तर तंबूची दोरी सैल का, यावरून शेजाऱ्याशी भांडले. मी खोटं सांगणार नाही, त्या दिवसांत मला वाटून गेलं की ओढू द्यावी एखादी, निदान घर शांत होईल. आणि जमीन काही थांबायला तयार नव्हती. आवाज आला, सगळे बाहेर आले, की यांचा हात आपोआप खिशाकडे जायचा. खिसा रिकामा. मग हे हात पुढे करून मला म्हणायचे, "धर." मी मनगट धरायची. हे श्वास घ्यायचे आणि जमेल तितका लांब सोडायचे. शेजारच्या तंबूतले लोक हसायचे, "वायरमन योगा करतोय." हसू दे, असं मी म्हणायची. माझी बोटं तो एकसारखा, हटवादी वेग मोजत बसायची आणि मला रडू यायचं.

मग एका संध्याकाळी, दिवस मावळता मावळता, माझ्या शाळेच्या पाड्यावरून दोघं जण मोटरसायकलवर आले. वरचा जोड जळून त्यांच्या तंबूंची लाईट गेली होती. बाया लेकरं घेऊन काळोखात बसल्या होत्या. यांचे जोडीदार सामान आणायला डहाणूला गेलेले. "तुम्हीच या वायरमन, लवकर," ते म्हणाले. यांनी माझ्याकडे बघितलं नाही. खुंटीवरचा पट्टा काढला.

"मी येते," मी म्हणाले.

पाड्यावर पोहोचलो तेव्हा सगळे खांबापाशी जमले होते. बाया, पोरं, माझ्याच वर्गातली चार तोंडं. यांनी फोन करून लाईन बंद करून घेतली. पट्टा बांधला. एक म्हातारे बाबा पुढं झाले, त्यांनी बिडी पुढं केली. "घे, ओढ नि चढ." यांनी ती घेतली, ओठांत धरली. बाबांनी काडी ओढली.

मी यांच्या समोर जाऊन उभी राहिले. सगळ्यांच्या देखत नवऱ्याला काय बोलावं ते सुचेना. एवढंच म्हणाले, "अहो."

तेवढ्यात आवाज आला. या वेळी तो खरा होता. पायाखालची जमीन सरकली, तारा एकमेकींकडे झेपावल्या, बाया किंचाळल्या, काडी विझली. धक्का मोठा होता आणि थांबता थांबेना असं वाटलं. थांबला तेव्हा सगळे एकमेकांना हाका मारत होते. हे खांबापासून मागं सरले होते आणि मातीत मांडी घालून बसले होते. बिडी अजून ओठांत. मी गुडघ्यावर बसून मनगट धरलं. आत पळापळ चालली होती. दोन ठोके जवळ, मग एक गाळलेला, मग पुन्हा धाव.

"सोडा श्वास. लांब. अजून लांब."

यांनी बिडी काढून हातात घेतली आणि डोळे मिटले. माणसं भोवती उभी होती. कुणाला वाटलं वायरमन घाबरला. मला त्यांच्या नजरा पाठीवर जाणवत होत्या, पण मी बोटं हलवली नाहीत. किती वेळ गेला सांगता येत नाही. हळूहळू ठोके वेगळे लागायला लागले, गाळणं थांबलं.

हे उठले. बिडी बाबांच्या हातात परत दिली. कमरेचा पट्टा सोडला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझ्या हृदयाला त्रास आहे. डॉक्टरांनी चढू नको म्हणून सांगितलंय. मी चढणार नाही. माणूस बोलावतो."

मग मागून एक तरणा गडी बोलला, "चढत नाय तर वायरमन कशाला झाला?" दोघं-तिघं हसले. यांचा चेहरा काळवंडला. मला वाटलं, आता पट्टा पुन्हा बांधतील. पण यांनी फोन काढला आणि जोडीदाराला लावला. जोडीदार डहाणूहून निघालेच होते. तोवर लोकांनी शेकोटी पेटवली. एका आजीनं यांना बसायला पोतं दिलं, प्यायला पाणी दिलं आणि विचारलं, "लई दुखतं का?" हे म्हणाले, "दुखत नाही आजी. पळतं." जोडीदार आले, चढले. हे खाली उभे राहून बॅटरीचा उजेड धरत होते, कुठला जोड आधी घ्यायचा ते सांगत होते. लाईट आली तेव्हा पोरांनी आरडाओरडा केला.

परतताना गाडीवर यांची पाठ ताठ होती. "उद्या सगळ्या तलासरीला कळेल," हे म्हणाले.

"कळू दे."

"तुला सोपं आहे."

मला सोपं नव्हतं, पण ते बोलायची ती वेळ नव्हती. मी यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि घरापर्यंत काढला नाही.

खात्यानं यांना तक्रारी घ्यायला सबस्टेशनला बसवलं. खुर्चीवर बसणं यांना शिक्षा वाटायची. मध्ये एकदा कोसबाडला नात्यातलं लग्न होतं, तिथं मित्रांत बसून यांनी बिड्या ओढल्या. त्या संध्याकाळी छातीत फडफडायला लागलं तेव्हा स्वतःच माझ्याजवळ येऊन हात पुढे केला. मी ओरडले नाही. यांना स्वतःचाच एवढा राग आला होता की पुढचे आठ दिवस माझ्याशीही धड बोलले नाहीत. त्यानंतर माझ्या माहितीत तरी ओढली नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी स्वतः हात धरला नाही. "बेन, तुम्हीच बघा," म्हणाले. हे श्वास घेत होते. पहिल्यांदा काही कळलं नाही. दुसऱ्या वेळी श्वास सोडताना वाटलं की ठोका जरा उशिरा आला. मला भास झाला असेल म्हणून मी पुन्हा सोडायला लावला. पुन्हा आला, उशिरा. माझ्याइतका नाही, पण श्वास बाहेर पडताना यांची नाडी संथ होत होती.

"लागतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

मी मान हलवली.

"येतंय," डॉक्टर म्हणाले. "पूर्ण येईल की नाही ते मी सांगत नाही. पण येतंय."

ते यंत्र पुन्हा एकदा लावून झालं. त्यात ती लड दिसली नाही. पाऊस ओसरायला लागला तेव्हा डॉक्टरांनी यांना चढायची परवानगी दिली. जमीन तेव्हाही अधूनमधून हलतच होती; आम्ही घरात झोपायला लागलो होतो, पण दार उघडं ठेवून. पहिल्या दिवशी हे सायवनकडे कामाला गेले. मी शाळेत होते. दिवसभर फोनकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि दिवसभर तेच केलं. हे संध्याकाळी आले, हातपाय धुतले, जेवायला बसले. मी बोंबलाचं कालवण वाढलं. थोडा वेळ वाट पाहिली, मग विचारलं, "कसं झालं?"

"खांब ओला होता, जपून चढलो," हे म्हणाले आणि अजून भात मागितला.